पुराव्याशी बांधील

अलाबामा विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात १९४०च्या आसपास दोन मित्र शिकत होते. एकाचे नाव जॉर्ज वॉलेस, दुसऱ्याचे फ्रँक जॉन्सन. पुढे दोघेही न्यायाधीश झाले, पण दोघांच्या खुर्च्या वेगळ्या. वॉलेस हे राज्याचे सर्किट न्यायाधीश. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायाधीशालाही निवडणूक लढवावी लागते, आणि वॉलेस तसेच मतदारांनी निवडून दिलेले होते. जॉन्सन संघराज्याचे, म्हणजे फेडरल न्यायाधीश. त्यांना राष्ट्राध्यक्षांनी नेमले, सेनेटने मान्यता दिली आणि त्यांची मुदत तहहयात होती. १९५९ साली हे दोन मित्र एकमेकांसमोर उभे ठाकले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे अलाबामाचे राजकारण या दोन माणसांच्या झगड्याभोवती फिरत राहिले. जॉन्सन यांची गोष्ट बहुधा धैर्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आपल्याकडेही असा माणूस दिसला की रामशास्त्री बाण्याचा न्यायाधीश म्हणून आपण मोकळे होतो. धैर्य त्यांच्याकडे होतेच. पण त्यांची कारकीर्द नीट पाहिली तर धैर्यापेक्षा निराळीच गोष्ट ठळकपणे दिसते. समोर आलेला पुरावा आणि वरिष्ठ न्यायालयाने घालून दिलेला कायदा या दोन खुंट्यांना या माणसाने स्वतःला घट्ट बांधून घेतले होते, आणि त्यातूनच त्यांना एवढे मोकळेपण मिळाले.

फेडरल न्यायाधीशाचे पद समजल्याशिवाय हे कळणार नाही. भारतात न्यायालयांची उतरंड एकच आहे. तालुक्याच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच जिना. अमेरिकेत दोन जिने शेजारी शेजारी आहेत. प्रत्येक राज्याची आपली न्यायालये, आणि त्याशिवाय संघराज्याची: खाली जिल्हा न्यायालये, मध्ये सर्किटची अपील न्यायालये, वर सर्वोच्च न्यायालय. राज्यघटनेने किंवा संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क राज्य सरकारने डावलला, तर नागरिक थेट फेडरल जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो. आपल्याकडे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२व्या वर्षी निवृत्त होतो; फेडरल न्यायाधीशाला निवृत्तीचे वय नाही. तो पदावर असेपर्यंत त्याचा पगार कमी करता येत नाही. त्याला हटवायचे तर संसदेत महाभियोग चालवावा लागतो, आणि सव्वादोनशेहून अधिक वर्षांत असे फक्त आठ न्यायाधीश दोषी ठरून गेले आहेत. घटनेच्या समर्थनार्थ १७८८ मध्ये लिहिताना अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी याचे कारण देऊन ठेवले होते. न्यायसंस्थेच्या हाती ना फौज असते ना तिजोरी. उरतो तो फक्त निवाडा. तो निवाडा निर्भय हवा असेल तर निवाडा देणाऱ्याच्या पोटावर कोणाचा पाय असता कामा नये.

जॉन्सन यांचा जन्म १९१८चा, उत्तर अलाबामातल्या विन्स्टन काउंटीतल्या हेलीव्हिल गावचा. डोंगराळ, गरीब मुलूख. मोठे कापसाचे मळे नाहीत, त्यामुळे गुलामही फारसे नव्हते. १८६१ साली अलाबामा संघराज्यातून फुटून निघाला तेव्हा या काउंटीच्या प्रतिनिधीने त्या ठरावावर सही करायला नकार दिला होता. सगळे राज्य पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅट असताना इथली अनेक घराणी रिपब्लिकन राहिली, आणि जॉन्सन घराणे त्यांपैकीच. बहुमताच्या उलट बाजूला बसण्याची सवय या माणसाला घरातूनच होती, एवढे यावरून म्हणता येते. त्यापलीकडे त्यांचे सगळे निकाल विन्स्टनच्या मातीतून उगवले असे सांगणारे चरित्रकार मला जरा भाबडे वाटतात. दुसऱ्या महायुद्धात ते पायदळात होते आणि नॉर्मंडीत जखमी झाले. परतल्यावर जॅस्परला वकिली केली, १९५२ मध्ये आयझेनहॉवर यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात काम केले आणि १९५३ साली उत्तर अलाबामाचे सरकारी वकील झाले. काळ्या मजुरांना कर्जात अडकवून वेठीला धरणाऱ्या गोऱ्या जमीनदारांवर त्यांनी तिथे खटला चालवला आणि गोऱ्या ज्युरीकडून शिक्षा मिळवली. ऑक्टोबर १९५५ मध्ये आयझेनहॉवर यांनी त्यांना मध्य अलाबामाच्या जिल्हा न्यायालयावर नेमले. वय होते ३६, आणि पुढच्या काही दिवसांतच ३७ पूर्ण होणार होती.

मुख्य कचेरी माँटगोमेरीला. तिथल्या बसमध्ये रोझा पार्क्स यांना अटक झाली ती १ डिसेंबर १९५५ रोजी. त्यातून उभ्या राहिलेल्या बस-बहिष्काराची हकीकत जगाला ठाऊक आहे. तो बहिष्कार ज्या निकालाने यशस्वी झाला, तो मात्र सहसा कोणाला आठवत नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन आणि इतर महिलांच्या नावे फेडरल न्यायालयात दावा दाखल झाला. राज्याचा कायदाच घटनाबाह्य ठरवायचा असल्याने तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन न्यायाधीशांसमोर सुनावणी झाली: अपील न्यायालयाचे रिचर्ड रिव्ह्ज, जिल्हा न्यायाधीश सीबर्न लिन आणि जॉन्सन. पेच असा होता की १९५४ साली ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद रद्द केला, पण ‘वेगळे पण समान’ हे १८९६चे जुने सूत्र प्रवासापुरते रद्द झाल्याचे कुठेही लिहिले नव्हते. लिन यांनी तेच बोट ठेवले: वरच्यांनी जे रद्द केलेले नाही ते आपण कसे रद्द करणार? रिव्ह्ज आणि जॉन्सन म्हणाले की ब्राउननंतर त्या जुन्या सूत्रात जीव उरलेलाच नाही. ५ जून रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि डिसेंबरमध्ये काळे नागरिक बसमध्ये हवे तिथे बसू लागले. खटला ऐकलेल्या तिघांपैकी सर्वांत नवखे जॉन्सन होते.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा न्यायाधीश नागरी हक्क चळवळीचाच माणूस होता. तसे नव्हते. टस्कीगी शहराची हद्द १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने नव्याने आखली. चौकोनी शहराचा २८ बाजूंचा विचित्र आकार झाला, आणि सुमारे चारशे काळ्या मतदारांपैकी चारपाच वगळता सगळे हद्दीबाहेर गेले. गोरा मतदार मात्र एकही गेला नाही. हेतू आंधळ्यालाही दिसावा. तरीही जॉन्सन यांनी दावा फेटाळला, कारण शहराची हद्द ठरवणे हा राज्याचा अधिकार आहे असे पूर्वनिर्णय सांगत होते. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निकाल उलटवला, आणि मग जॉन्सन यांनीच तो कायदा रद्द ठरवला. दुसरे उदाहरण १९६१चे. प्रवासातला वर्णभेद मोडण्यासाठी बसमधून दक्षिणेत आलेल्या फ्रीडम रायडर्सना माँटगोमेरीच्या बसस्थानकावर जमावाने झोडपले आणि पोलीस वेळेवर फिरकले नाहीत. जॉन्सन यांनी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेवर मनाई हुकूम बजावला, पोलिसांना प्रवाशांचे रक्षण करण्याचा आदेश दिला, आणि काही दिवसांसाठी रायडर्सनाही नवे जत्थे आणायला मनाई केली. चळवळीतले लोक त्यावर चिडले, आणि त्यांच्या रागात तथ्य होते. मार खाणारा आणि मारणारा यांना एकाच हुकमात ओवणे मलाही पटत नाही. टस्कीगीच्या निकालातही पूर्वनिर्णयाला त्यांनी नको तितका मान दिला. पण याच दोन प्रकरणांमुळे पुढचे निकाल मनातली आवड म्हणून दिलेले नव्हते हे सिद्ध होते. स्वतःला न रुचणारा निकाल देऊ शकणाऱ्या न्यायाधीशाच्या इतर निकालांवरही मग विश्वास ठेवावा लागतो.

वॉलेस यांच्याशी पहिली टक्कर याच तऱ्हेने झाली. १९५८ साली ते गव्हर्नरपदाची निवडणूक हरले होते. वर्णद्वेषात आपण प्रतिस्पर्ध्याच्या मागे पडलो म्हणून हरलो, असा धडा त्यांनी घेतला. राष्ट्रीय नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची कागदपत्रे मागितली तेव्हा सर्किट न्यायाधीश वॉलेस यांनी ती ताब्यात घेऊन देण्यास नकार दिला. जॉन्सन यांनी हुकूम काढला आणि न मानल्यास अवमानाची कारवाई होईल असे बजावले. वॉलेस यांनी वरवर शड्डू ठोकला आणि आतून कागदपत्रे स्थानिक ग्रँड ज्युरीच्या हवाली केली, तिथून ती आयोगाला मिळाली. या काळात एका रात्री वॉलेस गुपचूप आपल्या घरी आले होते, हे जॉन्सन यांनी नंतर सांगितले आहे. वॉलेस यांना हौतात्म्य हवे होते. चार दिवसांच्या कैदेवर त्यांची पुढची निवडणूक तरली असती. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी निकाल दिला: या गृहस्थांनी आडवळणाने का होईना, हुकूम पाळलेला आहे, म्हणून अवमान झालेला नाही. कायद्याने हेच बरोबर होते, आणि राजकारणाच्या दृष्टीने वॉलेस यांची याहून मोठी फजिती कोणी करू शकले नसते. त्यानंतर वॉलेस जाहीर सभांतून त्यांना खोटारडा आणि दक्षिणेचा गद्दार म्हणू लागले. मते मात्र मिळाली. १९६२ मध्ये ते गव्हर्नरपदी निवडून आले.

सेल्माचा खटला या पद्धतीचा कळस मानावा लागेल. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीकडे निघालेल्या सुमारे ६०० लोकांना एडमंड पेटस पुलावर राज्य पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर वापरून मागे रेटले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाजूने दुसऱ्याच दिवशी जॉन्सन यांच्याकडे धाव घेतली गेली. मागणी होती की पोलिसांना लगेच रोखावे. जॉन्सन यांनी उलट मोर्चालाच सुनावणी होईपर्यंत थांबायला सांगितले. ९ मार्चला किंग पुलावर गेले, प्रार्थना केली आणि परत फिरले. मग काही दिवस साक्षी झाल्या. पुलावरच्या मारहाणीची टीव्हीवरची फिल्म न्यायालयात दाखवली गेली. मोर्चेकऱ्यांकडून जॉन्सन यांनी पूर्ण आराखडा मागवला: रोज किती अंतर चालणार, मुक्काम कुठे, तंबू, जेवण, शौचालये, आजारी पडल्यास काय. १७ मार्चला त्यांनी परवानगी दिली. महामार्गाच्या दोनपदरी टप्प्यावर ३०० पेक्षा जास्त माणसे नकोत अशी अटही घातली. रहदारीचा रस्ता कित्येक दिवस अडवायचा अधिकार एरवी कोणालाही नसतो हे त्यांना मान्यच होते. त्यांनी तोल ठरवला तो असा, की निषेधाचा आवाका अन्यायाच्या आवाक्याच्या प्रमाणात असावा. आणि इथला अन्याय अवाढव्य होता, याचा पुरावा त्यांच्याच न्यायालयातल्या मतदार नोंदणीच्या खटल्यांनी वर्षानुवर्षे साठवला होता. वॉलेस यांनी संरक्षणाचा खर्च झेपणार नाही म्हणून हात वर केले. मग राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अलाबामाचे नॅशनल गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतले, आणि २५ मार्चला सुमारे २५ हजार लोक माँटगोमेरीला पोहोचले. हॅमिल्टन यांचे वाक्य इथे उलट्या बाजूने खरे ठरते: निवाड्यामागे फौज उभी करणारा कोणीतरी लागतोच.

या सगळ्याची किंमत जॉन्सन कुटुंबाने मोजली. त्यांच्या अंगणात क्रूस जाळला गेला. एप्रिल १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला, आई बचावल्या. कित्येक वर्षे फेडरल मार्शल पहाऱ्याला होते. चर्चमध्ये, क्लबात, शेजारी, सगळीकडे माणसे तुटली. निवडणूक लढवावी लागणारा न्यायाधीश यांतल्या पहिल्याच धक्क्याला पडला असता. जॉन्सन यांना कोणी पाडू शकले नाही, कारण त्यांची खुर्ची अलाबामाच्या मतांवर उभी नव्हती.

आणि नेमका इथेच गंभीर आक्षेप निघतो. ज्याला लोकांनी निवडले नाही, ज्याला लोक हटवू शकत नाहीत, अशा माणसाने राज्याचा कारभार हाकावा का? जॉन्सन यांच्या नंतरच्या निकालांनी या प्रश्नाला बळ दिले. १९७० साली सिगारेटवरच्या कराचे उत्पन्न घटले म्हणून टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले, आणि त्यातून वायट विरुद्ध स्टिकनी हा खटला उभा राहिला. कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांचा मुद्दा बाजूला पडला आणि रुग्णांचा पुढे आला. सुमारे पाच हजार रुग्ण. त्यांतले दीड हजारांहून अधिक नुसते वृद्ध, आणि हजारभर मतिमंद, ज्यांना मनोविकार नव्हताच. उपचारासाठी पीएचडी झालेला मानसशास्त्रज्ञ एक, मनोविकारांचे थोडेफार शिक्षण घेतलेले डॉक्टर तीन, समाजसेवक दोन. एका रुग्णाच्या रोजच्या जेवणावर अर्ध्या डॉलरपेक्षा कमी खर्च. जॉन्सन यांचा तर्क साधा होता: उपचारासाठी म्हणून माणसाला कोंडता आणि उपचार देत नाही, तर ती नुसती कैद झाली, आणि गुन्ह्याशिवाय कैद घटना मान्य करत नाही. १९७२ मध्ये त्यांनी कर्मचारी, खोल्या, आहार, स्वच्छतागृहे यांची किमान मानके लिहून दिली. १९७६ मध्ये तुरुंगांबाबतही तसेच केले. एका तुरुंगात चार फूट बाय आठ फुटांच्या अंधाऱ्या कोठडीत सहा सहा माणसे कोंबत, जमिनीतले भोक हेच शौचालय. माणशी ६० चौरस फूट जागा द्या, असा हुकूम झाला. वॉलेस यांनी त्यावर न्यायाधीशांबद्दल जे उद्गार काढले ते छापण्याजोगे नाहीत.

न्यायाधीशाने चौरस फूट मोजावेत का, हा प्रश्न मला गैरलागू वाटत नाही. पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवणे विधिमंडळाचे काम, आणि एका न्यायालयासमोर एकाच खात्याचे दुःख येते. शाळा, रस्ते, दवाखाने यांचा हिशेब त्याच्यासमोर नसतो. पण दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. पहिली, तथ्यांबद्दल वादच नव्हता. तुरुंगाच्या खटल्यात राज्याच्या मुख्य वकिलानेच भर न्यायालयात घटनाभंग झाल्याचे कबूल केले. दुसरी, जॉन्सन यांनी आधी राज्यालाच संधी दिली. मनोरुग्णालयाच्या खटल्यात सहा महिने दिले, आणि सहा महिन्यांत काही झाले नाही. कैद्यांना आणि मनोरुग्णांना मत नाही, त्यांच्यामागे मतदारांची गर्दी नाही. लोकशाही आपले काम करील म्हणून त्यांना थांबायला सांगणे म्हणजे कायमचे थांबायला सांगणे होते. त्यांचे सगळे टिकले असेही नाही. तुरुंगांवर देखरेख करणारी मानवी हक्क समिती पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९७७ मध्ये रद्द केली. मूळ निष्कर्ष मात्र कायम ठेवला. माझ्या मते ही कात्री बरोबर लागली. हक्काचा भंग झाला हे सांगणे न्यायाधीशाचे काम. रोजच्या देखरेखीत उतरल्यावर तोही एक प्रशासक होतो, आणि प्रशासकाला तहहयात मुदत शोभत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. तहहयात मुदत चांगल्या माणसाला अभय देते तशी वाईटालाही देते. शेजारच्या मिसिसिपीत हॅरल्ड कॉक्स होते. १९६१ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांना नेमले, कारण सेनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष जेम्स ईस्टलंड हे कॉक्स यांचे कॉलेजातले खोलीसोबती. १९६४ साली या कॉक्स यांनी न्यायासनावरून मतदार नोंदणीला आलेल्या काळ्या नागरिकांना चिंपांझी म्हटले आणि तरी ते पदावर राहिले. म्हणून तहहयात मुदत ही न्यायाची हमी आहे असे म्हणणे चूक ठरेल. ती फक्त वाव देते. कॉक्स यांना आवरले ते वरच्या न्यायालयांनी: नागरी हक्क चळवळीतल्या तीन कार्यकर्त्यांच्या खुनाच्या प्रकरणात त्यांनी बरेचसे आरोप काढून टाकले, तेव्हा १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा लावायला सांगितले. अपिलाची ही साखळी जॉन्सन यांनाही लागू होती आणि कॉक्स यांनाही. फरक एवढाच की जॉन्सन तिच्यात स्वखुशीने बांधलेले होते. याउलट केवळ धैर्यावर चाललेल्या माणसाचे काय होते ते साउथ कॅरोलायनाच्या वेटीज वॉरिंग यांच्याकडे पाहून कळते. वर्णभेदाविरुद्ध ते जॉन्सन यांच्याही आधी आणि अधिक उघडपणे बोलले. चार्ल्सटन शहराने त्यांना वाळीत टाकले, आणि १९५२ मध्ये ते निवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले. इतिहासाने त्यांना मान दिला. पण त्यांच्या जिल्ह्यातले पुढचे खटले दुसऱ्यांसमोर चालले. जॉन्सन माँटगोमेरीतच राहिले.

त्यांचा प्रभाव काळ्या नागरिकांच्या हक्कांपुरता नव्हता. १९६६ मध्ये त्यांच्या न्यायालयाने स्त्रियांना ज्युरीतून वगळणारा अलाबामाचा कायदा रद्द केला. १९७२ साली हवाई दलातल्या एका महिला अधिकाऱ्याच्या पतीला सवलती नाकारण्याच्या खटल्यात तीनपैकी दोन न्यायाधीश सरकारच्या बाजूने गेले, जॉन्सन एकटे विरोधात; पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांची बाजू उचलली. १९७२ मध्येच त्यांनी दाखवून दिले की राज्य पोलीस दलात ३७ वर्षांत एकही काळा शिपाई घेतलेला नाही, आणि पंचवीस टक्के प्रमाण होईपर्यंत एका गोऱ्यामागे एक काळा भरती करण्याचा हुकूम दिला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७७ मध्ये त्यांना एफबीआयच्या संचालकपदासाठी निवडले होते, पण आजारपणामुळे ते बारगळले. १९७९ मध्ये ते अपील न्यायालयावर गेले, १९९५ साली त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले आणि २३ जुलै १९९९ रोजी माँटगोमेरीतच त्यांचे निधन झाले. वायटचा खटला तेव्हाही चालूच होता. जिल्हा न्यायालयावरच्या जॉन्सन यांच्या रिकाम्या जागेवर १९८० मध्ये मायरन थॉम्पसन या काळ्या न्यायाधीशांची नेमणूक झाली होती. वायट खटला सुरू झाल्यापासून ३३ वर्षांनी, डिसेंबर २००३ मध्ये, त्यांनीच तो बंद केला.